डॉल्बीचं बटण

गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या स्वयंपाकघरातले डबे वाजायला लागतात. आधी फळीवरचा रव्याचा, मग त्याच्या शेजारचा साखरेचा. मिरवणूक अजून दोन चौक लांब असते, पण डब्यांना आधी कळतं. बायको म्हणते, "आली डॉल्बी."

आमच्या साताऱ्याकडे, सांगली-कोल्हापूरकडेही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात. "यंदा डॉल्बी कुणाची आणली?" हा प्रश्न मूर्ती कुठल्या मूर्तिकाराची यापेक्षा आधी विचारला जातो.

गंमत अशी की आमच्या घरात डॉल्बी माझ्या लहानपणीच आली होती. वडिलांच्या टेप डेकवर त्या नावाचं एक छोटं बटण होतं. ते दाबलं की कॅसेटमधला सूं सूं आवाज कमी व्हायचा आणि मागची शांतता ऐकू यायची. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर. 1963 ते 1965 अशी दोन वर्षं तो भारतात होता, संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून. मग लंडनला जाऊन 1965 साली त्याने कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवण्यासाठी. बिचाऱ्याने आयुष्यभर नको तो आवाज कमी केला आणि साताऱ्यात त्याचं नाव कशाला लागलं, तर याला. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, असं 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. आमच्या रव्याच्या डब्याने ते वाचलेले नाहीत.

डबे वाजले की मी ठरलेलं वाक्य बोलतो, "आमच्या वेळी असं नव्हतं." आमच्या वेळी काय होतं? सिनेमा. रस्त्याच्या मधोमध दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचा, एका बाजूला मशीन लावायचं, आणि अख्खी पेठ पोती घेऊन रस्त्यावर. पुढची जागा संध्याकाळी सहालाच भरलेली असायची, म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो. मागून नावं उलटी दिसत, पण नावं वाचायची कुणाला होती? रीळ तुटलं की शिट्ट्या, रीळ बदलताना शेंगदाणे. अमिताभ डावखुरा आहे हे मला दहावीला असताना थेटरात पहिल्यांदा समजलं. तोवर त्याने माझ्यासमोर सगळ्या गुंडांना उजव्या हाताने मारलं होतं.

वडिलांना हा सिनेमा म्हणजे ऱ्हास वाटायचा. त्यांच्या तरुणपणी मंडळात ऑर्केस्ट्रा येई. किशोरकुमारच्या आवाजात गाणारा कुणीतरी, कोंबडा-कुत्र्याचे आवाज काढणारा एक, आणि तोंडात शेरोशायरी घोळवणारा निवेदक. "माणसं समोर उभं राहून गात होती रे," एवढंच ते म्हणायचे. आणि आजोबांना ऑर्केस्ट्राच पटत नसे. उसनी गाणी, उसना आवाज! त्यांच्या काळी मेळे होते.

आजोबा मेळ्यात गायचे. पेठेतलीच पोरं, एकसारख्या टोप्या, हातात झांजा. आषाढापासून तालीम. पदं रचणारा गल्लीतलाच, पेटीवाला गल्लीतलाच, आणि गणपतीत दहा दिवस या चौकातून त्या चौकात जाऊन म्हणायचं. हे सांगताना आजोबांचा चेहरा असा व्हायचा की मेळे म्हणजे नुसती सात्त्विक संस्कृती वाटावी. तसं काही नव्हतं. इंग्रज सरकारची मेळ्यांच्या पदांवर नजर असे ती उगीच नव्हे. आणि 1920च्या दशकात पुण्यात जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने ब्राह्मणी पुढारीपणावर अशी काही पदं म्हटली की सभ्य मंडळींनी कानांवर हात ठेवले. म्हणजे गणपतीत कानांवर हात ठेवायची परंपरा जुनी आहे. फक्त तेव्हा शब्दांसाठी ठेवत.

तेव्हा कोण कुणापेक्षा घसरला, हा हिशेब मी हल्ली करत नाही. एक बारीक गोष्ट मात्र टोचते. आजोबा गायले. वडिलांनी गाणाऱ्यांना बोलावलं. आम्ही बघितलं, तेही उलटीकडून. आणि आता चौकातली पोरं डॉल्बीपुढे मोबाइल वर धरून उभी असतात. त्यांना ऐकायचीही गरज उरलेली नाही, आवाज थेट बरगड्यांत शिरतो. मंडळाने वर्गणी काढली आणि अनामत भरली की झाला उत्सव.

हे मी जेवताना बोललो आणि मुलीने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. फोड आलेले. ती पुण्यात शिकते आणि तिथल्या एका पथकात ढोल वाजवते. दोन महिने रोज संध्याकाळी कॉलेज संपलं की नदीकाठी सराव. "आम्ही काय मोबाइल धरतो का, बाबा?" मी गप्प. खरं सांगायचं तर त्या ढोलांनीही डबे वाजतात, पण ते तिला सांगणं शहाणपणाचं नव्हतं.

म्हणून मी माळ्यावरून आजोबांची वही काढून दिली. मेळ्यातल्या पदांची. जांभळ्या शाईतलं अक्षर, पानांना कसर लागलेली. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली. एकावर नाटकातल्या पदाची, पुढच्या दोन्हींवर बोलपटातल्या गाण्यांची.

"म्हणजे पणजोबा रीमिक्स करायचे?"

मी हरकत घ्यायला तोंड उघडलं आणि सुचेना. उसनी गाणी म्हणून ऑर्केस्ट्राला नाकं मुरडणारे आजोबा! त्यांच्या आजोबांनी यावर काय म्हटलं असेल, याची कल्पना करता येते.

वहीच्या शेवटी एक पद आहे. सगळ्यांत चांगलं तेच. त्यात साताऱ्याचा पाऊस आहे, अजिंक्यतारा आहे, पेठेतल्या हौदाचं नाव आहे. मुलीने पानाचा फोटो काढून पथकाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत कुणीतरी विचारलं, "भारी आहे, चाल काय?"

तिने वही माझ्याकडे सरकवली. वर आजोबांच्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं, 'चाल : मागल्या सालचीच.'