पहिल्या मीटिंगला मी लॅपटॉप उघडत नाही

तुम्ही फायनान्शियल प्लॅनिंगच्या, म्हणजे लोकांच्या पैशांचं नियोजन करून द्यायच्या फिल्डमध्ये कशा आलात असं बरेच जण विचारतात. खरं सांगायचं तर प्लॅनर व्हायचं असं ठरवून मी आलेच नव्हते, मी सेल्समध्ये होते. इन्शुरन्स पॉलिसी विकायचे. दर महिन्याचं टार्गेट असायचं, आणि महिनाअखेर जवळ आली की समोरच्याला काय हवंय यापेक्षा आपलं किती राहिलंय हेच डोक्यात फिरायचं.

त्यात एका गृहस्थांना मी २० वर्षं हप्ते भरायची पॉलिसी दिली. तिसऱ्या वर्षी त्यांची नोकरी गेली आणि ते पॉलिसी सरेंडर करायला, म्हणजे मुदतीआधीच बंद करायला माझ्याकडेच आले. भरलेल्या पैशातले निम्मेसुद्धा परत मिळणार नव्हते, कारण अशा पॉलिसीत कमिशन आणि बाकीचा खर्च सुरुवातीच्या हप्त्यांतूनच जास्त वळता होतो. त्यांनी आकडा बघितला, चष्मा काढला, कागदाची चार पदरी घडी घातली आणि खिशात ठेवली. "तुम्ही सांगितलंत म्हणून घेतली हो," एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मला झोप नाही लागली, आणि पुढच्या काही महिन्यांत मी नोकरी सोडून सीएफपीचा, म्हणजे सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर व्हायचा अभ्यास सुरू केला.

अभ्यास करताना एक गोष्ट वाचली आणि फार धीर आला. हा व्यवसाय मुळात जन्मला तोच विक्रीला कंटाळून! १२ डिसेंबर १९६९ ला शिकागोच्या ओहेअर एअरपोर्टजवळच्या हॉटेलात १३ जण जमले, बोलावणारे लोरेन डंटन स्वतः सेल्समधलेच. नुसती वस्तू विकण्यापेक्षा माणसाच्या अख्ख्या आर्थिक आयुष्याकडे बघणारं कोणीतरी हवं, हा त्यांचा विचार. १९७३ साली सीएफपीची पहिली बॅच बाहेर पडली, ४२ जणांची. म्हणजे मी जी वाट धरत होते ती कोणीतरी आधीच चालून गेलं होतं.

आता कामाबद्दल. लोक येतात आणि खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, पैसे कुठे टाकू? मी पहिल्या मीटिंगला याचं उत्तर देतच नाही, लॅपटॉपही उघडत नाही, फक्त वही असते. उद्या पगार थांबला तर घर किती महिने चालेल, कोणाकोणाची जबाबदारी तुमच्यावर आहे, पैशावरून घरात शेवटचं भांडण कधी झालं, असलं विचारते. मागे एक जोडपं आलं होतं, सगळं नवराच बोलत होता. मी बायकोला विचारलं की तुमची खाती कुठल्या कुठल्या बँकेत आहेत, तर तिने नवऱ्याकडे बघितलं, तो सांगायला लागला, मी त्याला हातानेच थांबवलं. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, मला नाही माहीत. नवराच जास्त हादरला! पुढच्या वेळी आले तेव्हा तिच्या अक्षरातली एक वही होती, खाती, पॉलिसी, नॉमिनी सगळं लिहिलेलं, आणि ते लिहितानाच तिला सापडलं होतं की एका पॉलिसीवर नॉमिनी अजून सासूबाईच आहेत, ज्या केव्हाच वारल्यात. कुठलाही फंड सुचवण्याआधी त्या घराचं सगळ्यात महत्त्वाचं काम तिथेच झालं.

रिस्कचा फॉर्म, म्हणजे तुम्ही किती तोटा सोसू शकाल हे विचारणारा, मी भरून घेते पण त्यावर फार विसंबत नाही, कारण बाजार वर असताना सगळेच शूर असतात. २००८ मध्ये किंवा मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगा म्हणते, विकून बाहेर पडलात का, रात्री उठून मोबाईल बघत होतात का. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय की तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख जास्त लागतं. आणि हिशोबही निष्ठुर आहे, ५० टक्के घसरलेली रक्कम परत जागेवर यायला १०० टक्के वाढावी लागते.

महागाईचंही तसंच. खर्च किती वर्षांत दुप्पट होईल ते काढायला ७२ ला महागाईच्या दराने भागा, ६ टक्के महागाई असेल तर १२ वर्षांत खर्च दुप्पट, २४ वर्षांत चौपट. साठीतल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी गप्प होतो, मग स्वतःच कागद ओढून आकडेमोड करायला लागतो. ते मला फार आवडतं.

मी फक्त फी घेते, कमिशन नाही. फीचा चेक लिहिताना लोकांचा हात अडखळतो, कारण कमिशन गुंतवणुकीतूनच वळतं होतं म्हणून दिसत नाही आणि फी दिसते. मी समजावते की वर्षाला १ टक्का जास्तीचा खर्च २५ वर्षांत शेवटच्या रकमेचा साधारण पाचवा हिस्सा खाऊन टाकतो. तरीही काही जण निघून जातात. वाईट वाटतं, पण त्यासाठी मी परत टार्गेटवाली होणार नाही.

माझ्याकडे पहिल्यांदा येणार असाल तर दोघं या. फाइल नंतर आणली तरी चालेल.