स्लिपची मागची बाजू

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली ११ कॅश काउंटरवर. या काळात जे काही लिहिलं, त्यातलं निम्म्याहून जास्त पैसे काढायच्या स्लिपांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. लोक खाडाखोड करून टाकून देत, मी त्या गोळा करून ड्रॉवरात ठेवायचो. स्लिप ती केवढी! सरळ अक्षरात सात ओळी, बारीक काढलं तर नऊ. तुमचे परिच्छेद इतके आखूड का, असं एका संपादकांनी विचारलं होतं. शैली आहे, म्हणालो. त्यांना काय सांगणार, स्टेशनरी आहे म्हणून?

या छंदानं नुकसानही केलं. एका दुपारी कथेतली आजी जगवावी की मारावी, हे ठरत नव्हतं. बोटं ओल्या स्पंजावर, नोटा मोजणं चालू, डोकं आजीच्या खाटेपाशी. संध्याकाळी कॅश जुळेना. पाचशेची एक नोट कुणाला तरी जास्त गेली होती. खिशातून भरली. आजी जगली, कथा दिवाळी अंकात आली, मानधन तीनशे रुपये. म्हणजे निव्वळ तोटा दोनशे, शिवाय बायकोचं बोलणं.

दिवाळी अंक नसते, तर आमच्यासारख्यांचं काय झालं असतं कोण जाणे. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांना वर्षाची एक तारीख मिळाली. तीही भलतीच. फराळाच्या वासाची कथा आषाढात, छत्री गळत असताना लिहायची. परतीच्या टपालासाठी स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. महिन्या-दोन महिन्यांनी ते आपल्याच वळणदार अक्षरात दारात हजर. ‘अहो, तुमचं पत्र तुम्हालाच आलंय,’ ही म्हणायची. आत ‘साभार परत’ची चिठ्ठी. साभार का, हे मला अजून कळलेलं नाही.

जयंत नारळीकरांची गोष्ट वाचली तेव्हा जरा धीर आला. एका परिषदेत भाषण कंटाळवाणं चाललं होतं, म्हणून त्यांनी समोरच्या कागदांवर विज्ञानकथा लिहायला घेतली. १९७४ साली ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला धाडली, तीही नारायण विनायक जगताप या नावानं. आद्याक्षरं उलटी केली, आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस आलं. खगोलशास्त्रज्ञाला भाषणात जे सुचतं, ते कॅशियरला काउंटरवर सुचलं तर बिघडलं कुठं? (बक्षिसाची तुलना करत नाही.) व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते. बहिणाबाईंच्या ओव्या घरकामात, शेतात, जात्यावर झाल्या; त्या १९५१ साली गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कविता पुस्तकात आल्या. त्याला छंद म्हणायला मात्र जीभ धजत नाही.

निवृत्त झालो तेव्हा मुलानं खिडकीपाशी टेबल मांडून दिलं. दिवा, गुबगुबीत खुर्ची, सगळा दिवस मोकळा. पहिला आठवडा टेबल पुसण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात पेनं धुतली. कादंबरीच घ्यावी म्हणून दोनशे पानी वही आणली. तिच्या पहिल्या पानावर माझं नाव आणि चहाच्या कपाचा गोल आहे. कुणी हाक मारत नाही, कुणी ‘साहेब, सुटे द्या’ म्हणत नाही, आणि सुचतही नाही. वेळ चोरायचा तरी कुणाचा? सगळा आपलाच.

गेल्या मंगळवारी पासबुक भरायला गेलो. यंत्रानं कुणाचं तरी पासबुक गिळलेलं, सगळे खोळंबलेले. माझ्यापुढच्या आजोबांनी पिशवीतून दुसरी पिशवी, तिच्यातून तिसरी काढली आणि तिसरीतून पासबुकाऐवजी कडीपत्ता निघाला. हात आपोआप स्लिपांच्या खोक्याकडे गेला. पेन दोरीनं बांधलेलं, दोरी वीतभर, त्यामुळे तिथंच वाकून उभ्यानं लिहीत राहिलो. पाच ओळी झाल्या, सहा झाल्या.

‘काका, झालं का भरून? पेन हवं होतं,’ मागून एक मुलगी म्हणाली.

‘तीनच ओळी,’ म्हटलं, आणि अक्षर बारीक केलं.