ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचे दोन तासही नाहीत, तरी दिवस मोकळा ठेवा

नकाशावर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून जवळजवळ सरळ उत्तरेला गेलं की सुमारे ९६० किलोमीटरवर स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या बेटांच्या समूहातलं लाँगइयरब्येन हे गाव लागतं. मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच अंतर. विमानाला साधारण एक तास चाळीस मिनिटं लागतात, घड्याळही बदलावं लागत नाही. पण तेवढ्यावर बेत आखू नका.

आधी व्हिसा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिथे राहायला व्हिसा लागत नाही, पण जायची वाट नॉर्वेतूनच. ट्रॉम्सो सोडलं की आपण शेंगेनमधून बाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत शिरतो. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवाच. एकाच प्रवेशाचा असला तर परतीची वाट बंद. अर्ज भरतानाच हे नीट पाहा आणि हातात आलेल्या व्हिसावरचा आकडाही तपासा.

ऑस्लोहून येणारं विमान ट्रॉम्सोला थांबणारं असेल, तर हातातलं सामान घेऊन उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा आणि पुन्हा त्याच विमानात बसायचं. झोप लागली असली तरी उठावं लागतं. पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत ठेवू नका.

आम्ही जुलैत गेलो. वाटेत बराच वेळ खाली फक्त समुद्र असतो. साधारण अर्ध्या वाटेवर ब्यॉर्नोया हे एकाकी बेट आहे, ते आम्हाला ढगांनी दिसू दिलं नाही. मग स्वालबार्डमधल्या सर्वांत मोठ्या बेटाचं, स्पिट्सबर्गेनचं, दक्षिण टोक येतं आणि ढगांतून काळे, टोकदार डोंगर वर निघतात, मधल्या दऱ्यांत हिमनद्या. खिडकीची जागा मिळवायला थोडे जास्त पैसे पडले तरी द्या. हे दृश्य पाहताना माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ मध्ये सुरू झाला. नियमित प्रवासी विमानं जिथे उतरतात असा जगातला हा सर्वांत उत्तरेकडचा विमानतळ. धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. वरचा थर वितळला की ती असमान होते, म्हणून डागडुजी करावी लागते. आत सामानाच्या पट्ट्यावर पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे. गावात जाणारी बस विमानाच्या वेळेनुसार थांबते, गाव पाचेक किलोमीटरवर.

धुकं दाटलं तर विमान न उतरता परत फिरू शकतं. म्हणून परतल्यावर त्याच दिवशीचं भारताचं विमान धरू नका, मध्ये एक रात्र ठेवा. विमा घेताना बचावकार्य आणि विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे वाचा. गावात छोटं रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला ट्रॉम्सोलाच नेतात. वस्तीबाहेर अस्वलांचा धोका खरा आहे, बंदूकधारी वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका.

इथून वायव्येला शंभरेक किलोमीटरवर नी-ओलेसुंद या संशोधकांच्या छोट्या वस्तीत भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. तिथे छोटं विमान जातं, पण ते संशोधक आणि तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी. पर्यटकांनी उन्हाळ्यातल्या बोटीची चौकशी करावी. तिथे पोचल्यावर मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा लागतो, कारण वेधशाळेच्या रेडिओ उपकरणांना अडथळा होतो.