बायकोसोबत सॉगटकला तीन दिवस

यंदा जुलैत कुठे जायचं ते ठरतच नव्हतं, शेवटी ऑफिसातली एकजण म्हणाली मिशिगन राज्यातल्या सॉगटकला जा, तुम्हा दोघींना आवडेल, आणि ते "दोघींना" तिने असं काही म्हटलं की मला बरोबर कळलं. शिकागोहून साधारण सव्वादोनशे किलोमीटर, लेक मिशिगनला खालून वळसा घालून इंडियाना ओलांडायचं की अडीचेक तासात पोचतो. एकच लक्षात ठेवा, तिथलं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आहे, आम्ही ते विसरलो आणि पहिल्या रात्रीचं जेवणाचं बुकिंग हातचं गेलं. पण त्याचाच फायदा पण आहे, जुलैत तिथे सूर्य सव्वानऊ वाजून गेल्यावर बुडतो, आणि थेट पाण्यात बुडतो, त्यामुळे दिवस संपता संपत नाही.

गाव म्हणजे खरं तर दोन गावं, सॉगटक आणि डग्लस, शेजारी शेजारी. मधे कालामाझू नदी, ती तिथे इतकी पसरते की तिचंच एक छोटं तळं झालंय, आणि पलीकडे वाळूच्या टेकड्या चढून उतरलं की लेक मिशिगन. लेक म्हणायचं, पण समोरचा काठ दिसत नाही, लाटा येतात, फक्त पाणी तोंडात गेलं तर गोडं लागतं.

आता चेक-इनबद्दल, कारण हा प्रवास माझ्यासाठी तिथूनच सुरू झाला. हॉटेलच्या काउंटरवर माझ्या पोटात कायम गोळा येतो. दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलात एका बेडचं बुकिंग असताना आम्हाला दोन वेगळ्या बेडची खोली दिली, वर विचारलं, बहिणी का? मी हो म्हणून मोकळी झाले. खोलीत गेल्यावर आम्ही दोघी कितीतरी वेळ एकमेकींशी बोललो नाही. त्या "हो"ची मला अजून लाज वाटते. इथे आम्ही एका जुन्या घरातल्या बेड अँड ब्रेकफास्टमध्ये राहिलो, मालकीणबाईंनी किल्ली दिली आणि विचारलं सकाळी चहा कुणाला, कॉफी कुणाला. झालं. जिना चढताना बायकोने मागून माझा दंड दाबला.

हे गाव असं का झालं तर मुळात चित्रकारांमुळे. १९१० मध्ये शिकागोच्या चित्रकारांनी इथे ऑक्स-बो नावाची चित्रशाळा काढली, उन्हाळ्यात यायचं, झाडाखाली बसून चित्रं काढायची, आणि मोठ्या शहरात जपून वागायला लागायचं त्यातले बरेच जण इथे जरा मोकळे व्हायचे. ऑक्स-बो अजून चालू आहे. मग १९८१ मध्ये डग्लसला द ड्यून्स रिसॉर्ट सुरू झालं, खास आपल्यासारख्या समलिंगी लोकांसाठी, पूल, बार, डान्स फ्लोअर सगळं. एका रात्री गेलो होतो, गर्दी पुरुषांची जास्त पण कुणी परकं वाटू दिलं नाही. १९८१ हे साल माझ्या डोक्यातून जात नाहीये, लग्न वगैरे सोडाच, स्वतःबद्दल उघड बोलायचीसुद्धा चोरी होती तेव्हा कुणीतरी पाटी लावून दार उघडं ठेवलं. मिशिगन राज्याने भेदभावाविरुद्धच्या कायद्यात आपल्याला घेतलं ते २०२३ मध्ये.

२०२३ म्हटलं की मला १७ ऑक्टोबरच आठवतो. भारतातल्या सुप्रीम कोर्टाने आपल्याला लग्नाचा हक्क नाकारला तो दिवस. आमचं लग्न शिकागोत झालंय, कागद आहे, पण भारतात विमान उतरलं की मी परत अविवाहित. आई फोनवर माझं सगळं विचारते, जेवलीस का, सर्दी गेली का. बायकोबद्दल कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चेन फेरीने नदी ओलांडली. हे चुकवू नका. १८३८ पासून त्या जागी फेरी आहे. आता जी आहे ती छोटी पांढरी नाव, इंजिन नाही, नदीच्या तळाशी एक साखळी टाकलेली आणि नावेवर हाताने फिरवायचं चाक, चाक फिरवलं की साखळी वर येते, ओली, शेवाळलेली, खडखडत चाकावरून जाते आणि मागून परत पाण्यात. फिरवणारा विशीतला मुलगा होता, त्याने विचारलं कुणाला करून बघायचंय, आणि बायको लगेच उठली. सुरुवातीला नुसतीच झटापट, मग तिला लय सापडली, पाठ वाकवून दोन्ही हातांनी, केस सगळे तोंडावर. तो मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, तुमच्या बायकोला जमतंय की. आणि पुढच्याच सेकंदाला दुसऱ्या कुणाला तरी लाइफ जॅकेट दाखवायला वळला. मी नुसती बसून राहिले. मी स्वतः अनोळखी माणसासमोर हा शब्द काढायच्या आधी श्वास घेते हो.

पलीकडे उतरलं की माउंट बाल्डहेड, वाळूचाच डोंगर पण झाडीने झाकलेला, तीनशेच्या वर लाकडी पायऱ्या, गुडघे दुखत असतील तर गाडीने वळसा घालून जा. मागच्या बाजूला उतरलं की ओव्हल बीच. पायाखाली कोरडी वाळू चक्क कुईकुई वाजते. पाणी जुलैतही गार, आणि झेंडे बघूनच उतरा, लाल असेल तर अजिबात नको, भरती-ओहोटी नसली तरी ह्या लेकचे प्रवाह माणूस ओढून नेतात.

इथून थोडं उत्तरेला, नदीच्या मुखाशी, सिंगापूर नावाचं गाव वाळूखाली गाडलं गेलंय. १८७१ मध्ये शिकागो जळालं, ते पुन्हा उभारायला इथलं लाकूड गेलं, झाडं संपली, वाळू धरून ठेवायला काही उरलं नाही आणि वाऱ्याने गाव गिळलं. आम्ही राहतो ते शहर ह्यांच्या झाडांवर उभं राहिलं, हे ऐकून दोघी जरा गप्पच झालो.

निघायच्या दिवशी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. नेहमी मी बीच, आकाश, जेवण असलेच टाकते. ह्या वेळी फेरीवरचा टाकला, ती चाक फिरवतेय तो. तासभर काहीच नाही. गाडी इंडियानात शिरल्यावर आईचा मेसेज आला.

"ही काय फिरवतेय? रहाट आहे का तो?"

मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. मग टाइप केलं, हो आई, रहाटासारखाच.