आमची वाटचाल : लिलावातील यंत्रांवर उभा राहिलेला पॅटर्न कारखाना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचा लाकडी पॅटर्न तयार करण्याचा व्यवसाय आहे. फौंड्रीत बिडाचा किंवा पोलादाचा रस ओतण्यापूर्वी वाळूत ज्याचा ठसा घेतला जातो, ती लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. रस थिजून थंड होताना धातू आकसतो, म्हणून बिडासाठी साधारण १ टक्का आणि पोलादासाठी सुमारे २ टक्के मोठा पॅटर्न करावा लागतो. पॅटर्नमध्ये राहिलेला फरक त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक कास्टिंगमध्ये उतरत असल्याने अचूक यंत्रांवाचून हे काम होत नाही, आणि अशी यंत्रे नवी कोरी घेण्याइतके भांडवल वडिलांनी कारखाना सुरू केला तेव्हा नव्हते. पट्टा करवत, सरफेस रंधा, लाकूड एकसारख्या जाडीचे करणारा थिकनेसर आणि मिलिंग ही आमची चारही मुख्य यंत्रे लिलावातून आली आहेत, आणि आज भांडवलाची तेवढी अडचण नसतानाही आम्ही लिलावाकडेच आधी पाहतो.

पूर्वी मोठ्या फौंड्र्यांचे स्वतःचे पॅटर्न शॉप असे. संगणकावर आरेखन होऊन सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर, ॲल्युमिनियमचे व रेझिनचे पॅटर्न निघू लागले, तशी ही दालने एकेक करून बंद झाली आणि त्यांतील यंत्रे विक्रीला आली. काही यंत्रे कंपन्या स्वतः विकतात, काही २००२ च्या सरफेसी कायद्याखाली थकीत कर्जापोटी बँकांनी ताब्यात घेतलेल्या कारखान्यांतून येतात, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतर परिसमापकांकडूनही, म्हणजे बुडीत कंपनीची मालमत्ता विकण्यासाठी नेमलेल्या व्यक्तींकडूनही, बरेच लिलाव होऊ लागले आहेत. सरकारी उपक्रमांची जुनी यंत्रसामग्री बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलाव संकेतस्थळावर निघते. जाहिरातीत मात्र लाकूडकामाच्या यंत्राचा स्वतंत्र उल्लेख क्वचितच असतो. ‘इतर यंत्रसामग्री, एक लॉट’ अशा मोघम ओळीत ते दडलेले असते, आणि म्हणूनच प्रत्यक्ष जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

या लिलावांत आमची स्पर्धा दुसऱ्या पॅटर्नवाल्याशी फारशी होत नाही. ती होते भंगार व्यापाऱ्याशी. जुन्या यंत्राचे अंग जाड बिडाचे असते, आणि छत्तीस इंची चाकांच्या पट्टा करवतीचे वजन टनाच्या आसपास भरते. कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पट्ट्यात इतक्या फौंड्र्या आहेत की बिडाच्या भंगाराला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. व्यापारी किलोचा भाव धरून बोली लावतो, आणि त्याच्यापुढे आम्ही गेलो नाही तर ते यंत्र हातोड्याने फोडून भट्टीत जाते. वर्षानुवर्षे स्थिरावलेले, ताण निघून गेलेले ते ओतीव अंग वितळवून टाकणे मला आजही सहन होत नाही, कारण तसे अंग नव्या स्वस्त यंत्रात मिळत नाही, हा आमचा रोजच्या कामातला अनुभव आहे.

पाहणीचा दिवस हा आमच्या दृष्टीने लिलावाच्या दिवसापेक्षा महत्त्वाचा. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर असते, त्यामुळे नंतर तक्रारीला जागा नाही. वीज बहुधा तोडलेली असते आणि यंत्र चालवून पाहता येत नाही. आम्ही सर्वप्रथम अंगाला तडा आहे का ते शोधतो. संशयाच्या जागी रॉकेल लावायचे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसायचे आणि वर खडूची पूड घासायची. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. एखाद्याच जागी रंग ताजा दिसला, तर तेथे बीड वेल्डिंग झाले असण्याची शक्यता धरून तेवढा भाग खरवडून पाहू देण्याची परवानगी आम्ही आवर्जून मागतो. त्यानंतर स्पिंडल हाताने फिरवून डायल गेजवर त्याचा फेर, म्हणजे फिरताना होणारी डगमग, मोजतो, रंध्याच्या टेबलावर कोनाकोनी स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून खाली फिलर गेजची पातळ पाती सरकवून ते पिळले आहे का पाहतो, आणि मोटरचे इन्सुलेशन मेगर या मीटरने तपासतो. बेअरिंग, बेल्ट, चाकावरची रबरी पट्टी, जळालेली मोटर यांची आम्हाला धास्ती नाही, कारण ते सगळे उद्यमनगरात दुरुस्त होते. पिळलेले टेबलही प्लॅनो-मिलर या मोठ्या मिलिंग यंत्रावर सरळ करून मिळते. तडकलेले अंग आणि सुटे भाग मिळणे बंद झालेले जुने इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, या दोन गोष्टी दिसल्या की आम्ही परत फिरतो, मग किंमत कितीही कमी असो.

रंधा घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्या काही यंत्रांत चौकोनी कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंड, असतो, त्यात हात आत ओढला जाऊन गंभीर इजा होते. हाताने लाकूड सरकवण्याच्या रंध्याला गोल ब्लॉकच हवा, आणि कारखान्यांसाठीच्या नियमांतही तशीच अट आहे. ब्लॉक बदलण्याचा खर्च आम्ही बोलीतूनच वजा करतो.

बोलीचा आकडा आम्ही आदल्या दिवशी कागदावर ठरवतो. दुरुस्त झालेल्या यंत्राचे बाजारमूल्य धरायचे, त्यातून दुरुस्ती, उचल, वाहतूक, फाउंडेशन आणि बोलीवर वेगळा लागणारा, बहुधा १८ टक्के असलेला जीएसटी वजा करायचा. उरेल ती आमची मर्यादा. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढते, त्या चढाओढीत कागदावरचा आकडाच माणसाला थांबवतो. हायड्रा क्रेन, ट्रेलर आणि बोल्ट कापणारा गॅसकटरवाला आधीच ठरवून ठेवावा लागतो, कारण माल उचलण्याची मुदत चुकली तर भाडे लागते आणि काही वेळा अनामतही जप्त होते.

आमच्याकडील सर्वांत मोलाचे यंत्र म्हणजे इंग्लंडमधील लेस्टरच्या वॉडकिन कंपनीचे पॅटर्न मिलिंग. त्याचे डोके हव्या त्या कोनात कलते आणि टेबल गोल फिरते, त्यामुळे कोअर बॉक्सची (कास्टिंगमधील पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवणाऱ्या साच्याची) आतली गोलाई, पंपाच्या केसिंगचे वळण, अशी हाताने कित्येक दिवस खाणारी कामे त्यावर एका मापात होतात. ब्रिटिश मोटर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची असल्याने आपल्या थ्री-फेज जोडणीवर ती तशीच चालली. बेअरिंगची घरे घासली होती, ती बोअर करून बुश बसवले. स्लाइड आमच्या मिस्त्रींनी निळा रंग लावून उंच जागा शोधत हाताने खरवडून सपाट केल्या. आता आमच्याकडे लहान सीएनसी राउटरही आहे, तरी दुरुस्तीला आलेला जुना पॅटर्न किंवा एकाच नगाचे काम असले की मिस्त्री वॉडकिनकडेच वळतात.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ओंडके कापणारी मोठी आरा यंत्रे लिलावात स्वस्त मिळतात, पण यंत्राबरोबर आरागिरणीचा परवाना मिळत नाही. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या गिरण्यांवरील नियंत्रण फार कडक झाले आहे. वन विभागाकडे चौकशी केल्याशिवाय तशा लॉटवर बोली लावू नये.

विक्री करणाऱ्या बँकांना आणि कंपन्यांनाही माझी विनंती आहे. लाकूडकामाची यंत्रे भंगाराच्या ढिगात न घालता वेगळ्या लॉटमध्ये मांडावीत, यादीत बनवणाऱ्या कंपनीचे नाव आणि मॉडेल लिहावे, आणि पाहणीच्या दिवसापुरती तरी वीजजोडणी चालू ठेवावी. चालताना पाहिलेल्या यंत्राला आमच्यासारखा कारखानदार किलोच्या भावापेक्षा जास्त रक्कम नक्की मोजतो.