पाचपैकी पाच

बडोद्यातल्या लोकांना मगरींबद्दल काय वाटतं, हे दारोदार फिरून विचारायचं माझं काम. एका संशोधन प्रकल्पासाठी. हातात फॉर्म, फॉर्मवर विधानं आणि प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' असे पाच चौकोन. 'विश्वामित्रीतल्या मगरी हा शहराचा ठेवा आहे.' 'मगरींना शहराबाहेर हलवावं.' 'मगरींचं रक्षण ही माझीही जबाबदारी आहे.' समोरचा सांगेल तिथे खूण करायची आणि पुढचं दार वाजवायचं.

बडोद्याबाहेरच्यांना हे सगळं जरा अजब वाटतं. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि शहराच्या मधून, अगदी कमाटीबागेतून वाहत जाते. शहरातल्याच पात्रात मगरी राहतात, अंडी घालतात, हिवाळ्यात काठावर ऊन खात पडतात. २०२५च्या फेब्रुवारीत, नदीचा गाळ काढायचं मोठं काम सुरू होण्याआधी मोजणी झाली, तेव्हा चारशेहून जास्त भरल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यानं मगर अनुसूची १ मध्ये येते, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्याआधीच्या ऑगस्टमधला पूर अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. काळ्या घोड्याच्या पुलाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली होती आणि तीन दिवसांत वनखात्यानं वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या. दोन पोरं स्कूटरवर मगर आडवी धरून वनखात्याकडे पोचवायला निघालेली, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल.

तर त्या पुराच्या पुढच्याच पावसाळ्यातली गोष्ट. नदीला मिळणाऱ्या एका कांसेच्या काठची वस्ती. (कांस म्हणजे पावसाळी पाण्याचा मोठा नाला, इथले मराठी लोकही नाला म्हणत नाहीत, कांसच म्हणतात.) सोबत प्रकल्पातला एम.एस्सी.चा मुलगा, पहिल्यांदाच फील्डवर आलेला.

पहिलं दार रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांचं. मराठी ऐकून आत बसवलं, चहाही सांगितला. पण फॉर्म काढला तसा त्यांचा आवाज चढला.

"रक्षण ही माझी जबाबदारी? वनखात्याचा पगार मी घेतो का? लिहा, पूर्ण असहमत."

"मगरी शहराचा ठेवा?"

"पुरात माझा फ्रिज तरंगत होता, तीन दिवस आम्ही माळ्यावर होतो. ठेवा म्हणे! असहमत."

"शहराबाहेर हलवाव्यात?"

"पूर्ण सहमत. दोन वेळा खूण करा."

भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या खांद्याच्याही वर. घराला नवा रंग दिलेला, तेवढी रेघ मात्र त्यांनी मुद्दाम ठेवली होती. नगरपालिकेचं कोणी आलं की दाखवायला, म्हणाले.

पुढे भाजीवाली बेन. तिच्या गाडीवर खोडियार माताजीचा फोटो, माताजीच्या पायाशी मगर. "माताजीनुं वाहन छे, एने कोण मारे?" असं म्हणून तिनं हात जोडले आणि पुढच्या प्रश्नाला 'हलवाव्यात, सहमत' असंही सांगून टाकलं. देवीचं वाहन आहे, पण ते देवळाजवळ बरं. मला यात विसंगती दिसत नाही. माझ्या जोडीदाराला दिसली, त्यानं तिला प्रश्न परत विचारला आणि तिनं त्याला सरळ कोथिंबिरीचा भाव सांगितला.

मग कोपऱ्यावरचा चिकनवाला. प्रत्येक विधानाला मगरीच्या बाजूनं पाचपैकी पाच. इतका चांगला फॉर्म मला आजवर मिळाला नव्हता. ठेवा? पूर्ण सहमत. रक्षण? "बेन, माझी तर ती मैत्रीण आहे." त्यानं मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला. संध्याकाळी दुकानामागे कांसेच्या कडेला उभं राहून तो आतडी आणि पंख पाण्यात टाकतोय, शिट्टी वाजवतोय, आणि शेवाळलेल्या पाण्यातून आधी दोन डोळे, मग नाकपुड्या वर येतायत. तिचं नावही त्यानं ठेवलं होतं, मोना. गेल्या वर्षापासून रोज येते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा वाट बघते, असं कौतुकानं सांगत होता.

दुपारी धो धो पाऊस झाला. आम्ही एका ओट्यावर थांबलो होतो. पाऊस ओसरला आणि गल्लीत ओरडा झाला. काकांच्या घराशेजारच्या बोळात, उभ्या रिक्षाखाली मगर. पाचेक फूट. कांसेचं पाणी चढलं तशी वर आली असावी.

अर्ध्या मिनिटात गल्ली भरली. मोबाईल वर, पोरं कडेवर. कोणी वीट उचलली नाही, हेही सांगायला हवं. बडोद्यात सहसा उचलत नाहीत. पण दोन्ही बाजूंनी माणसं, मध्ये मगर, आणि तिला निघायला वाट नाही. तेवढ्यात चिकनवाला कोंबडीचा पाय घेऊन आला. "मोना, मोना" करत रिक्षाच्या पुढे उकिडवा बसला. ती मोनाच होती की दुसरी, देव जाणे. मगर त्याच्याकडे सरकली, माणसं मागे पडली, एक बाई चिखलात आपटली.

"अरे ए शहाण्या, उठ तिथनं!" काका गंजीफ्रॉकवर बाहेर आलेले, हातात लांब झाडू. त्यांनी त्याला अक्षरशः बखोटीला धरून उठवलं. मग गल्लीला कामाला लावलं. "तोंडासमोर कोणी नको. शेपटीकडेही नको, फटका बसला तर पाय मोडेल. कांसेकडची बाजू मोकळी करा. ती बघत्येय तिकडेच, तुम्हाला दिसत नाही का?" भाजीवालीनं गाडी आडवी लावून पोरांना अडवलं. काकांनी सुनेला वनखात्याचा नंबर लावायला सांगितला. तो दारामागे खडूनं लिहिलेला होता. सकाळी चहा पिताना माझी पाठच होती त्या दाराला.

वनरक्षक आणि दोन स्वयंसेवक यायला बराच वेळ गेला. तोवर काका झाडू आडवा धरून उभे. आल्यावर त्यांनी आधी ओलं पोतं डोळ्यांवर टाकलं. दिसेनासं झालं की मगर बरीच शांत होते. मग दोरीचा फास, एकानं पाठीवर बसून मान दाबली, दुसऱ्यानं जबड्याला चिकटपट्टीचे वेढे दिले. जबडा मिटायला तिचा जोर प्रचंड, उघडायला मात्र कमी, म्हणून चिकटपट्टी पुरते. पोतं जरा सरकलं तेव्हा मी हातभर अंतरावर होते. डोळ्यावरून एक पातळ, दुधी पडदा आडवा सरकला आणि परत गेला. मागच्या पायाच्या बोटांमधली कातडी चिखलानं माखलेली, श्वासाबरोबर गळा वरखाली होत होता.

फळीला बांधून गाडीत ठेवताना काकांनी वनरक्षकाला विचारलं, "कुठं सोडणार?"

"साहेब सांगतील तिथं."

"इथंच नदीत सोडा. उगाच लांब नेऊ नका. परत यायला निघते आणि वाटेत गाडीखाली येते. आणि या चिकनवाल्याला दम द्या आधी."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, सकाळी तर 'हलवाव्यात, पूर्ण सहमत' म्हणालात."

"ते तुम्ही सगळ्या मगरींचं विचारलंत," काका म्हणाले. "ही आमच्या कांसेतली आहे."

प्रकल्पाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. आमचा फॉर्म ज्या परंपरेतला, तिचा पाया अमेरिकेतल्या स्टीफन केलर्ट यांनी घातला. वन्यजीवांकडे लोक कसे बघतात याचे त्यांनी प्रकार पाडले: उपयोगाच्या नजरेनं, नैतिक, सौंदर्याच्या, वर्चस्वाच्या, भीतीच्या, जिव्हाळ्याच्या आणि आणखी काही. उपयोगी वर्गवारी आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिच्यावर बेतलेल्या आमच्या गुणांकनात चिकनवाला सगळ्यात वर आणि काका तळाला. प्रत्यक्षात त्या गल्लीत मगरीला आणि माणसांना धोका होता तो त्या प्रेमापासून. खाऊ घातलेली मगर माणसाच्या शिट्टीला येते, आणि शिट्टी कोणाची हे तिला कळत नाही.

सर म्हणाले, समासातली टिपणं तक्त्यात जात नाहीत. खरं आहे. म्हणून दुसऱ्या फेरीत भावनांची चार विधानं काढली आणि साधे प्रश्न घातले. मगर ऊन खायला कुठे बसते? मार्चमध्ये अंडी घालायच्या दिवसांत तुम्ही काठावर काय टाळता? वस्तीत मगर आली तर पहिल्यांदा काय कराल? नंबर कुठे लिहून ठेवला आहे? दुकानाचा, घराचा टाकाऊ माल कुठे जातो?

या फॉर्मला वेळ फार लागतो. लोक उठून काठापर्यंत नेतात, जागा दाखवतात. 'इतर' या रकान्यात बहुतेकांनी कांसेच्या तोंडाला जाळी बसवा आणि कचरा उचला, असं सांगितलं. काकांनी तर जाळीचं माप दिलं, फुटांत आणि इंचांत, पाण्याच्या त्या रेघेपासून मोजून. चिकनवाल्यानं टाकाऊ मालाचा प्रश्न आला तसं मागच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "बेन, आधीचेच प्रश्न बरे होते."