घेणारा पाहिजे

रात्री साडेदहाच्या सुमारास बुद्धिबळाच्या ॲपवर त्याच्या टोपणनावाशेजारी हिरवा ठिपका दिसला, की माझ्या हातातलं पुस्तक मिटतं. पोर्तुगालचा झेंडा आणि फोटोच्या जागी एक कुत्रं, याखेरीज त्याच्याबद्दल मला काही माहीत नाही. 'तो' म्हणतो तेही सवयीनं. पण उंटापेक्षा घोड्यावर त्याचा जीव आहे, वजिरावजिरी झाली की त्याचा रस संपतो आणि वेळ संपत आली की तो उगाच शह देत सुटतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. सख्ख्या चुलतभावांबद्दलही इतकं ठाऊक नाही.

तीन मिनिटांचा डाव, खेळीमागे दोन सेकंद वाढीव. पांढरी माझ्याकडे आली की उंट सी-४ वर (ही पटावरच्या घरांची नावं) आणि मग घोडा थेट जी-५ वर. काळ्यानं डी-५ वर प्यादं सरकवायचं, मी ते मारायचं, आणि मग शहाण्या माणसानं घोडा ए-५ वर नेऊन माझ्या उंटाच्या मागे लागायचं. पुस्तकं तेच सांगतात. हा मात्र घोड्यानं माझं प्यादं मारतो. त्याला कळत नसेल? छे! चांगलं कळतं. मग मी एफ-७ वर घोडा देऊन टाकतो, राजा तो खातो, वजिराचा शह बसतो आणि डी-५ वरचा घोडा राखायला राजाला भर चौकात, ई-६ वर यावं लागतं. सुमारे ४०० वर्षांपूर्वी रोममध्ये पोलेरिओ नावाच्या इटालियन खेळाडूनं हाच उद्योग केला होता. घोडा देण्याऐवजी आधी प्यादं डी-४ वर सरकवणं जास्त भक्कम, असं जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे.

काल त्याचा दुसरा घोडा बी-४ वर आला. मी ए-३ केलं. त्यानं सी-२ वर शह देऊन कोपऱ्यातला हत्ती गिळला. मी माझ्या उरलेल्या घोड्यानं डी-५ वरचा त्याचा घोडा मारला. राजा डी-६ वर. मी डी-४; तेही प्यादं त्यानं घेतलं. उंटाचा शह, राजा सी-६ वर. आता माझा वजीर आणि त्याचा राजा एकाच तिरक्या रेषेत, मधे फक्त माझा घोडा. तो उचलून बी-४ वर ठेवला. घोड्याचा शह आणि मागून वजिराचाही! अशा दुहेरी शहाला मधे काही घालता येत नाही, एकाला मारून भागत नाही, राजानं पळायचंच. राजा बी-६ वर. घोडा परत डी-५, शह. राजा परत सी-६. मात कदाचित असेलही, पण घड्याळात सेकंद उरले होते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तीनदा तीच स्थिती आली आणि बरोबरी. त्याचा घोडा तिकडे कोपऱ्यात हत्ती पचवत बसलेला.

१८५१ मध्ये लंडनला अँडरसन या जर्मन खेळाडूनं किझेरित्स्की या पॅरिसवासी खेळाडूला एक उंट, दोन्ही हत्ती आणि वर वजीरही देऊन मात केली. तो 'अमर डाव' म्हणून अँडरसनच्या नावावर जमा आहे. मला जास्त भावतो तो किझेरित्स्की. समोरून आलेलं सगळं त्यानं घेतलं, हरला, आणि आपला तो पराभव पॅरिसमधल्या स्वतःच्याच मासिकात छापला. त्यानं मधेच हात आखडता घेतला असता तर अँडरसनची ती दानशूर वृत्ती कुणाला दिसली असती? हल्ला करणाऱ्याचं कौतुक होतं ठीक आहे, पण हल्ला अंगावर घेणारा हौशी भेटावा लागतो. नुसत्या सावध माणसाशी खेळताना चाळीस खेळ्यांत जांभयाच जास्त येतात.

बरोबरीनंतर लगेच त्याचा पुन्हा खेळायचा निरोप आला. या वेळी काळी माझ्याकडे. त्याचा उंट सी-४ वर, घोडा जी-५ वर. मी डी-५ केलं, त्यानं मारलं. ए-५ चं घर मोकळं होतं. मी घोड्यानं प्यादं मारलं आणि राजाला म्हटलं, चला, निघायची तयारी करा.